इंजिनाच्या तेलातील पाणी

पाण्यावर तेलाचा थेंब टाकला तर तो पसरून वर तरंगत राहतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण दुधात स्निग्धांश आणि पाणी दोन्ही असूनही ती वेगळी दिसत नाहीत, हे त्याच मुलाच्या आईला ठाऊक असते. स्निग्ध पदार्थाचे आणि पाण्याचे अगदी सूक्ष्म कण एकमेकांत अडकून राहिले म्हणजे त्यांचे पांढुरके, दाटसर मिश्रण तयार होते. मोटारीच्या इंजिनात कधी कधी हाच प्रकार घडतो. तेथे रवीचे काम फिरणारा क्रँक करतो, आणि तेलात शिरलेले पाणी तो असे घुसळतो की काही वेळाने तेल कोणते व पाणी कोणते हे सांगता येत नाही. हे पाणी कसे ओळखावे आणि ते कोठून आले हे कसे शोधावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय यंत्राचा असला तरी प्रश्न माणसाच्या पोटापाण्याचा आहे. समजा, पावसाळ्यातील एका सकाळी मालमोटारीच्या चालकाने तेल ओतावयाचे झाकण उघडले, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस त्याला पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर दिसला. तो दोघा जाणत्यांना विचारतो. एक म्हणतो, ‘हेडचे पॅकिंग गेले, इंजिन उघडल्यावाचून गत्यंतर नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पावसाळ्यात असे व्हायचेच, पुसून टाका आणि चालू लागा.’ पहिल्याचे ऐकावे तर गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार, मजुरी आणि सुटे भाग यांचा खर्च अंगावर येणार, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नाही. दुसऱ्याचे ऐकावे आणि तो चुकीचा निघावा, तर बेअरिंगे जळून क्रँक खराब होणार आणि आज हजारांत भागणारे काम उद्या लाखांवर जाणार. गंमत अशी की, हे दोघेही आपापल्या अनुभवापुरते खरेच बोलत असतात. त्या थराला दोन्ही कारणे असू शकतात. ह्या गाडीच्या बाबतीत कोणते कारण खरे, एवढेच कोणी तपासलेले नसते.

श्रोतेहो, हा प्रश्न जबलपूरच्या संदर्भात मांडण्याला एक औचित्य आहे. नर्मदेच्या काठचे हे शहर संगमरवरी खडकांसाठी आणि धुवांधार धबधब्यासाठी प्रसिद्ध आहे. पण देशाच्या सैन्याला ते गाड्यांचे गाव म्हणून अधिक परिचित आहे. येथे 1904 साली तोफांचे गाडे बनविणारी गन कॅरेज फॅक्टरी निघाली. ह्याच कारखान्यातून 1959 साली ‘शक्तिमान’ ही मालमोटार बाहेर पडली. जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने ती येथे बांधली जाऊ लागली होती. पुढे 1969 साली व्हेइकल फॅक्टरी हा स्वतंत्र वाहन-कारखाना उभा राहिला. निस्सान कंपनीच्या गाडीवरून घडविलेली ‘जोंगा’ ही लहान लष्करी गाडी तर जबलपूरचे नावच आपल्या आद्याक्षरांत वागवीत असे. शक्तिमान आणि जोंगा यांची बांधणी त्या शतकाच्या अखेरीस थांबली आणि त्यांची जागा स्टॅलियनसारख्या नव्या गाड्यांनी घेतली. सरकारी कारखान्यांची 2021 साली पुनर्रचना झाली, तेव्हापासून हा वाहन-कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम ह्या कंपनीचा भाग आहे.

सैन्याच्या गाडीचे एक वैशिष्ट्य असे की, तिला पुष्कळ दिवस नुसते उभे राहावे लागते आणि हुकूम येताच लगोलग धावावे लागते. शिवाय जबलपूरचे हवामान असे की, वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो, हवा दमट होऊन जाते, आणि डिसेंबर-जानेवारीत दिवस उबदार पण रात्री चांगल्याच थंड असतात. उभे राहणे, दमटपणा, आणि दिवसरात्रीच्या तापमानातील अंतर ह्या तिन्ही गोष्टी तेलात पाणी आणणाऱ्या आहेत. त्यामुळे ह्या विकाराचे निदान शिकण्यास जबलपूर हे योग्य ठिकाण आहे.

प्रथम तेलाचे काम काय ते पाहू. इंजिन चालू असताना क्रँक आपल्या बेअरिंगांना प्रत्यक्ष टेकलेला नसतो. तेलाच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर तो तरंगत फिरत असतो. हा पापुद्रा टिकला तर लोखंड लोखंडाला घासत नाही. पाणी हे तेलाच्या मानाने फार पातळ. भार सहन करण्याची शक्ती त्याच्यात नाही. तेलाबरोबर पाण्याचे कण बेअरिंगात गेले म्हणजे पापुद्रा जागोजाग तुटतो. ह्याशिवाय पाणी लोखंडाला गंज चढविते आणि तेलात घातलेली औषधी द्रव्ये निकामी करते. जळणातून येणाऱ्या वायूंशी संयोग पावून ते आम्लेही तयार करते. पूर्वी डिझेलमध्ये गंधकाचा अंश पुष्कळ असे आणि त्यामुळे आम्लाची भीती मोठी होती. भारतात 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या नव्या इंधनात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांवर आले आहे, त्यामुळे ही भीती कमी झाली. पण नाहीशी झालेली नाही.

किती पाणी धोक्याचे? तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळा सामान्यतः 0.2 टक्क्याच्या आसपास धोक्याची रेषा आखतात. मालमोटारीच्या चेंबरमध्ये दहा लिटर तेल असेल तर त्याचा 0.2 टक्का म्हणजे वीस मिलिलिटर. घरगुती भाषेत सांगावयाचे तर चहाचे चार चमचे. दहा लिटर तेलात चार चमचे पाणी असले तर ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून केवळ रंगावर विसंबून चालत नाही.

आता हे पाणी येते कोठून? त्याच्या मुख्य वाटा चार आहेत.

पहिली वाट ऐकून आश्चर्य वाटेल. पाणी खुद्द इंधनातूनच येते. पेट्रोल आणि डिझेल यांत कार्बनाबरोबर हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजन जळला की त्याचे पाणी होते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल किंवा डिझेल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात धुराबरोबर निघून जाते, म्हणून आपल्याला दिसत नाही. परंतु पिस्टनच्या रिंगांजवळून थोडासा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो आणि त्याच्याबरोबर ही वाफही उतरते. इंजिन तापलेले असेल तर ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर जो भाग सर्वांत थंड असतो त्यावर ती दवासारखी जमते. तो भाग म्हणजे टॅपेट कव्हर आणि तेलाचे झाकण. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून पाणी सुटते, तसाच हा प्रकार. म्हणून झाकणावरील लोणी हे पुष्कळदा केवळ वाफेचे काम असते.

दुसरी वाट हवेची. दिवसा तापलेले इंजिन रात्री निवते, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रोज चालणाऱ्या गाडीत ह्याचे काही वाटत नाही. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत हा थेंब थेंब साठत जातो. तेलाच्या पिंपालाही हाच नियम लागू आहे. उघड्यावर उभे ठेवलेले पिंप उन्हात तापते आणि वर पाऊस पडला की एकदम निवते. त्याच्या वरच्या पत्र्यावर साचलेले पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढले जाते. बूच घट्ट असले तरी हे घडते. म्हणून पिंपे छपराखाली ठेवावी. तसे शक्य नसल्यास ती आडवी निजवावी आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, म्हणजे घड्याळातील तीन आणि नऊ ह्या आकड्यांच्या जागी येतील अशी ठेवावी. मग आतल्या बाजूने बुचांना तेल भिडलेले राहते आणि बाहेर पाणी साचण्यास जागा उरत नाही. नवे तेल घालूनही पाणी पुन्हा दिसू लागले तर इंजिनाआधी पिंपाची चौकशी करावी, ती एवढ्यासाठी.

तिसरी वाट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. सिलिंडरांच्या भोवती रेडिएटरचे पाणी खेळत असते. त्याच्या आणि तेलाच्या वाटा ठिकठिकाणी अगदी शेजारून जातात. त्यांच्यामध्ये कोठे हेडचे पॅकिंग असते, कोठे लायनरच्या तळाशी बसविलेली रबराची कडी असते, तर कोठे ऑइल कूलरची पातळ भिंत असते. यांपैकी एखादे जरी फुटले किंवा सडले, तरी पाणी तेलात उतरते. आज ह्या पाण्यात बहुधा कूलंट मिसळलेले असते, आणि त्यात ग्लायकॉल नावाचे द्रव्य असते. साध्या पाण्यापेक्षा ते तेलाला कितीतरी घातक. तेलात ते तापले की चिकट, काळपट गाळ धरतो, गाळणी बंद पडते आणि बेअरिंगांवरील मऊ धातू झिजतो. चार वाटांपैकी इंजिन उघडण्याचे निश्चित कारण देणारी वाट हीच.

चौथी वाट बाहेरच्या पाण्याची. नाल्यातून गाडी घालणे, धुताना पाण्याचा जोरदार झोत ब्रीदरवर मारणे, किंवा महापुरात गाडी बुडणे. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि 2021 च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला. अशा वेळी बुडालेल्या गाडीचे तेल तपासण्यापूर्वी एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेवावी. ती गाडी सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराच्या पाण्यातून वाचलेले इंजिन अशा रीतीने चावी फिरविताच मोडते.

वाटा समजल्या की निदानाचा क्रम आपोआप ठरतो. चांगला वैद्य रोग्याची नाडी पाहण्यापूर्वी त्याला प्रश्न विचारतो. येथेही आरंभ प्रश्नांनीच करावा. गाडी रोज किती चालते? दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येणारी, दिवसातून दहादा सुरू होऊन दहादा बंद पडणारी गाडी असेल, तर तिचे तेल कधी पुरते तापतच नाही. तिच्या झाकणाखाली पांढरा थर दिसणे अपेक्षितच आहे. थर्मोस्टॅट जागेवर आहे का? उष्ण प्रदेशात त्याची गरज काय, असे म्हणून तो काढून टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. तो काढला की इंजिन उशिरा तापते किंवा मुळीच पुरेसे तापत नाही, आणि वाफ आतच राहते. ब्रीदरची नळी चोंदली आहे का? रेडिएटरमध्ये वरचेवर पाणी घालावे लागते का? गाडी पाण्यात गेली होती का? तेल कोणत्या पिंपातून आले? ह्या प्रश्नांना पैसा लागत नाही, आणि अर्धे निदान त्यांतच होऊन जाते.

दुसरी पायरी डोळ्यांची. झाकण पाहून थांबू नये. तेलाची गेज, म्हणजे डिपस्टिक, काढून पाहावी. तिच्या वरच्या भागावर थोडा थर असेल तर तोही वाफेचाच असू शकतो, कारण गेजची नळीसुद्धा थंड असते. खरे सांगते ते गेजचे तळाकडील टोक. तेथील तेल नेहमीसारखे स्वच्छ आणि पारदर्शक किंवा काळे पण चकचकीत असेल, तर पाणी वरच्यावर आहे. तेथेही तेल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसत असेल, तर पाणी सगळ्या तेलात शिरले आहे, आणि गाडी त्याच क्षणी थांबविली पाहिजे. ह्याच वेळी तेलाची पातळीही पाहावी. इंजिन तेल खाते. ते आपोआप वाढवीत नाही. पातळी वाढली असेल तर काहीतरी आत आले आहे. मात्र वाढलेले तेल पातळ असून त्याला डिझेलचा वास येत असेल आणि ते दुधाळ नसेल, तर तो पाण्याचा दोष नव्हे. इंधनपंपातून किंवा नोझलमधून डिझेल उतरत असावे.

मग रेडिएटर पाहावा, आणि तो इंजिन पूर्ण निवल्यावरच उघडावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे चेहऱ्यावर उकळते पाणी घेणे होय. पाण्याची पातळी उतरली आहे का? वर तेलाचा तवंग आहे का? तेल पाण्यात गेले असेल तर ऑइल कूलरवर संशय घ्यावा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा अधिक असतो, त्यामुळे फुटक्या कूलरमधून आधी तेल पाण्यात शिरते. इंजिन बंद झाले की तेलाचा दाब नाहीसा होतो, पण गरम पाण्याचा दाब काही काळ टिकतो. मग पाणी तेलात शिरते. हेडचे पॅकिंग सिलिंडरपाशी फुटले असेल तर थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत राहतात. मागच्या नळीतून पांढरा धूर येणे हे थंडीच्या सकाळी स्वाभाविक आहे. इंजिन चांगले तापल्यावरही तो थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर मात्र कूलंट जळत आहे असे समजावे.

तिसरी पायरी सोप्या प्रयोगांची. पहिला प्रयोग रात्रीचा. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी चेंबरचा ड्रेन नट अगदी हळू सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने सुटे पाणी तळाशी बसलेले असते आणि प्रथम तेच बाहेर येते. त्याचा रंग पाहावा. हिरवे, तांबडे किंवा निळे दिसले तर ते कूलंट. गढूळ असेल तर बाहेरचे पाणी. परंतु आजच्या तेलांत मळ धरून ठेवणारी द्रव्ये असतात आणि ती थोडे पाणीही धरून ठेवतात. म्हणून नटातून पाणी आले नाही एवढ्यावरून तेलात पाणी नाही असे म्हणता येत नाही.

अशा लपलेल्या पाण्यासाठी तव्याचा प्रयोग आहे. गाडी थांबविल्यावर तेल गरम असतानाच स्वच्छ, कोरड्या बाटलीत थोडा नमुना घ्यावा. एखादा जुना तवा किंवा जाड पत्रा सुमारे 130 ते 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. तो लाल होता कामा नये. त्यावर काडीने तेलाचे दोन-तीन थेंब टाकावे. तेलात पाणी असेल तर फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यासारखे ते तडतडते आणि बुडबुडे येतात. नसेल तर थेंब निमूटपणे पसरतो. शेजारी नव्या तेलाचा थेंब टाकून तुलना करावी. हजार भागांत एक भाग पाणी असले तरी ते ह्या प्रयोगाने कळते. हा प्रयोग उघड्यावर करावा, डोळ्यांना चष्मा असावा आणि जवळ पेट्रोल नसावे. स्वयंपाकाचा तवा त्यासाठी वापरू नये.

ह्या प्रयोगाला एक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. कूलंट तेलात शिरल्यावर गाडी पुष्कळ चालविली, तर त्यातील पाणी उडून जाते, पण ग्लायकॉल सहज उडत नाही. त्याचा उत्कलनबिंदू 197 अंश सेल्सिअस आहे. अशा तेलाचा थेंब तव्यावर गप्प बसतो आणि तरीही तेल विषारी झालेले असते. तडतड ऐकू आली तर पाणी आहे हे नक्की; ती ऐकू आली नाही म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही. रेडिएटरचे पाणी कमी होत असेल आणि तेल काळे व दाट होत चालले असेल, तर तव्याच्या मौनावर विश्वास ठेवू नये.

झाकणावर थर, पण गेजचे टोक स्वच्छ, तेलाची पातळी योग्य, रेडिएटर भरलेला आणि तवा गप्प, अशी स्थिती असेल तर शेवटची कसोटी रस्त्यावर घ्यावी. झाकण पुसून कोरडे करावे, थंड इंजिनात पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि गाडी न थांबता लांबवर चालवावी. जबलपूरहून कटनीच्या रस्त्याने सिहोऱ्यापर्यंत जाऊन परत यावे, एवढे अंतर त्याला पुरेसे आहे. तेल शंभर अंशांच्या आसपास तापून काही वेळ तसेच राहिले की त्यातील पाण्याची वाफ होऊन ती ब्रीदरमधून निघून जाते. परतल्यावर इंजिन निवू द्यावे. थर पुन्हा आला नाही आणि पाण्याची खूण जागेवर आहे, तर इंजिन उघडण्याचे कारण नाही. मात्र गेजवरील तेल दुधाळ असताना ही कसोटी कधीही घेऊ नये. ती निरोगी इंजिनाची खात्री करून घेण्यासाठी आहे. आजारी इंजिनावर ती लादली तर बेअरिंगेच जातील.

येथे उभ्या गाड्यांविषयीची एक सार्वत्रिक समजूत तपासून घेतली पाहिजे. गाडी पुष्कळ दिवस चालणार नसेल तर ती ‘चांगली राहावी’ म्हणून दर दोन-चार दिवसांनी पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा. त्या पाच मिनिटांत इंधन जळून पाणी तयार होते, त्यातील काही चेंबरमध्ये उतरते, पण ते बाहेर घालविण्याइतके तेल तापतच नाही. प्रत्येक वेळी थोडे पाणी आत जाते आणि बाहेर मात्र काहीच येत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर भार घेऊन चालविणे हितकर. ते शक्य नसेल तर जुने तेल बदलून, ब्रीदरची तोंडे कोरडी व झाकलेली ठेवून ती मुळीच न छेडणे बरे. जे सैन्याच्या राखीव गाडीला लागू, तेच शहरातील अंगणात उभ्या असलेल्या निवृत्त गृहस्थाच्या मोटारीला लागू आहे.

घरगुती प्रयोगांनी संशय मिटला नाही तर प्रयोगशाळेकडे जावे. डीन आणि स्टार्क ह्या दोघा संशोधकांनी 1920 साली सांगितलेल्या पद्धतीत तेल एका द्रावकाबरोबर उकळतात. पाण्याची वाफ वेगळी निववून मापाच्या नळीत गोळा करतात आणि पाणी प्रत्यक्ष मोजतात. कार्ल फिशर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1935 साली आयोडिनाच्या साह्याने पाणी मोजण्याची अधिक सूक्ष्म रीत शोधली. ती दहा लाखांत काही थोडे भाग पाणीही दाखविते. परंतु ‘किती’ ह्यापेक्षा ‘कोठून’ हा प्रश्न मोठा, आणि त्याचे उत्तर वर्णपटाच्या तपासणीने मिळते. कूलंटमध्ये गंज टाळण्यासाठी सोडियम, पोटॅशियम यांसारख्या मूलद्रव्यांचे क्षार घातलेले असतात. वाफेतून आलेल्या पाण्यात ते असत नाहीत. जुन्या तेलात ही मूलद्रव्ये नव्या तेलापेक्षा पुष्कळ अधिक आढळली, तर पाणी रेडिएटरमधूनच आले हे सिद्ध होते. त्याच तपासणीत तांबे आणि शिसे वाढलेले दिसले, तर बेअरिंगांची झीज सुरू झाली आहे हेही कळते. अशा तपासणीचा खर्च इंजिन उघडण्याच्या मजुरीपेक्षा पुष्कळच कमी येतो. नमुन्याबरोबर त्याच तेलाचा नवा, न वापरलेला नमुना पाठवावयास मात्र विसरू नये. तुलनेवाचून आकडे मुके असतात.

कूलंटचा दोष ठरला, तरी संपूर्ण इंजिन मोडावे लागतेच असे नाही. आधी ऑइल कूलर काढून पाण्यात बुडवावा आणि त्यात हवेचा दाब देऊन बुडबुडे येतात का ते पाहावे. तो निर्दोष निघाला तर चेंबर खाली उतरवावा, रेडिएटरमधून पाण्याला दाब द्यावा आणि खालून दिवा धरून थेंब कोठून पडतो ते पाहावे. लायनरच्या तळाशी थेंब दिसला तर कडी गेली. वरून ओघळ आला तर हेड किंवा त्याचे पॅकिंग. असे नेमके ठिकाण कळले म्हणजे काम तेवढ्यापुरते होते. दुरुस्ती झाल्यावर तेल आणि गाळणी बदलावी, थोडे चालवून तेल पुन्हा बदलावे. कारण जुना गाळ नळ्यांच्या कानाकोपऱ्यांत राहिलेला असतो. दोष शोधल्यावाचून नुसते तेल बदलणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून जमीन पुसत बसणे होय.

श्रोतेहो, नागपूरहून जबलपूरला येणाऱ्या मालमोटारी खवाशाच्या पुढे कुरईचा घाट चढतात. चढावर इंजिनावर पूर्ण भार असतो आणि तेलाच्या पापुद्र्याची खरी परीक्षा होते ती तेथेच. त्या परीक्षेची तयारी आदल्या सकाळी दोन मिनिटांत होऊ शकते. चालकाजवळ एक लहानशी वही असावी. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी आणि पाण्याची पातळी पाहून तिच्यात लिहावी, आणि आदल्या दिवशी गाडी किती किलोमीटर चालली तेही लिहावे. ज्या दिवशी झाकणाखाली पांढरा थर दिसेल, त्या दिवशी ह्या वहीची मागची दोन पाने उलटावी. तेल आणि पाणी दोन्ही जेथल्या तेथे असतील आणि फेऱ्या लहान असतील, तर गाडीला केवळ लांब फेरी हवी आहे. पाणी दिवसेंदिवस उतरत असेल आणि तेल चढत असेल, तर घाट चढण्याआधी मिस्त्रीला गाठावे, आणि त्याच्या हातात पाना देण्यापूर्वी ती वही द्यावी.